पारोळेकर

विक्रेता हाथरसचा. भोंगा असा चमकतो,
जसा लग्नाच्या बँडमधून कालच पळवून आणलाय.
खाली लिहिलंय : शंभर वर्षं जुना, ओरिजिनल, चालू स्थितीत.
मी फोटो दोन बोटांनी ताणला.
स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच.
शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या बापाने पाहिला होता असला स्क्रू?
पुढे सरकलो.

सव्वीस वर्षं भुसावळात मोटारी भरतोय,
यावल रोडला, केळीच्या बागांतल्या जळक्या मोटारी.
तार चिमटीत धरली की गेज सांगतो.
तरी पहिल्या मशीनला फसलोच.
स्प्रिंग तुटलेली, आणि पेटीवर कुत्र्याचं चित्र उलटं चिकटवलेलं,
भोंग्याकडे पाठ करून बसलेलं.
सिंधू म्हणाली, त्याले तरी समजलं.

मग ही तबकडी.
कोलकात्याचा कुणी अनिमेष :
लेबल उडालेलं, बाईचा आवाज, भाषा बहुतेक मराठी.
सोबत आठ सेकंदांचा व्हिडिओ, गाणं संपल्यानंतरचा.
खरखर, खरखर, आणि एकदम
‘पारोळेकर’.

तेव्हा म्हणे गाणारीला शेवटी आपलं नाव सांगावं लागे,
म्हणजे परमुलखात तबकडी ठोकणाऱ्याला
कळावं, हा आवाज कुणाचा.
पारोळा इथून किती लांब?
बसमध्ये एक डुलकी, फार तर दीड.

रात्री बारा वाजेपर्यंत बोली.
नागपूरचा कुणी ‘सुईदोरा७७’ पन्नास-पन्नासने वर चढत होता.
मी एकदम तीनशे चढवले, फोन पालथा ठेवला
आणि पाणी पिऊन आलो.
तेवीसशे पन्नास. दोन मोटारींची मजुरी.
सिंधूला साडेतीनशे सांगितले.

मे महिना. अरमान तडवीने पार्सल
गाडीच्या टाकीवर ठेवून आणलं, भर दोनच्या उन्हात.
‘काका, आत ताट आहे का?’
पिझ्झ्याचे दोन खोके, मध्ये बंगाली पेपर,
पेपरात ती,
गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यासारखी कड उचललेली.
हुंगली. चपडा लाख.
जुन्या वार्निशचा वास, माझ्याच धंद्यातला.
दोन काचांमध्ये घालून रात्रभर फरशीवर ठेवली,
वर ओलं पोतं, त्यावर तीन हॉर्सपॉवरचा रोटर.

सकाळी नवी सुई लावली. एका बाजूला एक सुई, हा नियम.
गाणं साधंच.
आवाज मधेच खाली बसायचा,
हवा धरलेल्या पंपासारखा, आणि पुन्हा उचलायचा.
मी शेवटाची वाट बघत होतो, गाणं ऐकलंच नाही म्हणा.
शेवटी ती थांबली, श्वास घेतला (तो ऐकू येतो)
‘मी टक् बाई पारोळेकर’.

पुन्हा लावली.
मी टक् बाई.

केसाएवढा तडा, काठापासून आत आलेला, नेमका तिथपर्यंत.
कोलकात्याचा की अरमानच्या टाकीवरचा,
की माझ्याच रोटरखालचा, देव जाणे.
अनिमेषला विचारलं.
तो म्हणाला, हवी तर परत पाठवा.
मला मराठी येत नाही,
मला वाटलं तो टक् त्यांच्या नावातलाच आहे.

परत करायला सात दिवस होते.
सहाव्या दिवशी अरमान दुसऱ्या कुणाचं पार्सल घेऊन
दुकानासमोर गाडी बंद न करताच थांबला,
‘लावा ना काका एकदा.’
मग त्याने गाडी बंद केली.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मोटारीला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो,
मालकाचं नाव, गाव, बिघाड.
काही चिठ्ठ्या तेलात भिजून नाव जातं.
तरी मोटार भंगारात टाकत नाही.
गाव असतं. कुणीतरी येतं.

तसाच पुठ्ठा कापला, भोक पाडलं, सुतळी ओवली.
नाव : सुटलं.
गाव : पारोळा.
बिघाड या रकान्यापाशी पेन्सिल बराच वेळ अडली,
मग लिहिलं,
आवाज चालू.